साडूच्या गच्चीपेक्षा उंच

मी पाण्याची टाकी घेतली हे कळल्यावर जो तो एकच प्रश्न विचारायचा, “किती लिटरची?”

“दोन लाख,” मी सांगायचो.

मग समोरचा माणूस काळजीने म्हणायचा, “दोघांनाच लागतं एवढं पाणी?”

अहो, पाणी कुणाला हवं होतं? मला घर हवं होतं. छप्पन्न फूट उंच खांबांवर उभी, बारा वर्षं कोरडी पडलेली, नगरपालिकेने मोडीत काढलेली ती गोल टाकी मला राहायला हवी होती. एवढं सांगितलं की विचारणारा माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या बायकोकडे बघायचा, आणि बायको स्वतःच्या चपलेकडे.

उंचावर हवा चांगली असते, शांतता असते, डास तिथवर येत नाहीत, असं मी काय काय सांगत सुटलो होतो. खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं कारण माझा साडू.

साडू हे नातं ज्याने काढलं त्याचं माणसाच्या सुखाशी काहीतरी वाकडं असणार. भाऊ असता तर लहानपणीच दोन धपाटे घालून विषय मिटवला असता. मेव्हणा असता तर निदान त्याने मान तरी दिला असता. साडूचं तसं नाही. तो आपल्या सासऱ्याला आपल्याइतकाच पसंत पडलेला असतो, आणि माझ्या बाबतीत तर थोडा जास्तच. माझ्या साडूचा गाद्यांचा कारखाना आहे. म्हणजे लोक झोपतात आणि हा कमावतो. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझ्याही वर्गात पिढ्यान्‌पिढ्या लोक झोपले, पण त्याचं मला कुणी काही दिलं नाही.

बरं, माणूस वाईट असता तरी चाललं असतं. वाईट माणसाच्या बंगल्याकडे बघून “पचणार नाही याला” असं म्हणता येतं. हा पडला भला. दारात गेलं की स्वतः उठून पाणी आणून देणार, माझ्या गुडघ्यांपासून माझ्या निवृत्तीच्या कागदांपर्यंत सगळ्याची चौकशी करणार, आणि वर “मास्तर, तुमच्यासारखी बुद्धी आम्हाला असती तर” असंही म्हणणार. त्यात कुजकटपणाचा लवलेश सापडावा म्हणून मी फार प्रयत्न केले. सापडला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याने बंगला बांधला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सगळे गच्चीवर गेलो. छान वारा होता, खुर्च्या होत्या, कुंड्या होत्या. माझी बायको कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, इथून उतरावंसंच वाटत नाही गं.”

तिने हे सहज म्हटलं असेल. पण आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातून तिला उतरावंसं न वाटल्याचं मी तीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. रात्री कुशीवर वळलो की टोचायचं. हेवा वाटणं वाईट, हे मलाही कळतं. मी मुलांना सुविचार लिहून दिले आहेत त्यावर.

अशात पेपरात लिलावाची नोटीस आली. टाकी साडूच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला, दोन गल्ल्या सोडून. त्याची गच्ची चोवीस फुटांवर, माझी जमीन छप्पन्न फुटांवर. बत्तीस फुटांचा फरक मी तोंडी काढला. लिलावाला मी आणि एक भंगारवाला असे दोघेच होतो. भंगारवाल्याने टाकीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “सर, लोखंडी पाइप मला द्या, बाकीचं तुम्हीच ठेवा.” असा तो लिलाव मी जिंकला.

आमच्या शेजारी एक अनुभवी राहतात. त्यांचं खरं नाव आता त्यांनाही कुणी विचारत नाही. जगात असं एकही काम नाही ज्याचा त्यांना किंवा त्यांच्या मेव्हण्याला अनुभव नाही. मला वाटलं, टाकीत राहण्याच्या बाबतीत तरी दोघे गप्प बसतील.

“टाकी ना?” अनुभवी म्हणाले. “मेव्हण्याने केलंय ते. करू नका.”

“टाकीत राहत होते?”

“विहिरीत. पण तत्त्व तेच. गोल घरात माणसाला झोप लागत नाही. डोकं कुठल्या भिंतीकडे करायचं हेच कळत नाही. आणि उंचावर दूध लवकर नासतं.”

दूध नासतं हे त्यांच्या बायकोने आमच्या हिला सांगितलं, आणि पुढे गच्चीवर वाळत घातलेले कपडे तालुकाभर कसे दिसतील तेही. ही घरी येऊन एवढंच म्हणाली, “तुम्ही ठरवलंय ना? मग करा. फक्त माझे गुडघे लक्षात ठेवा. मी एकदा वर चढेन. पुन्हापुन्हा नाही.”

मी लक्षात ठेवले. सोपा जिना बांधायचं ठरवलं, शहाण्णव पायऱ्यांचा, दर चोवीस पायऱ्यांवर बसायला जागा. घराचं क्षेत्रफळही काढलं. टाकीची त्रिज्या बारा फूट, बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, त्याला पायने गुणलं की चारशे बावन्न चौरस फूट. साडूचा हॉल तीनशे ऐंशीचा. मी त्याच्या घरी जेवायला गेलो असताना पावलांनी मोजून ठेवला होता. म्हणजे बहात्तर चौरस फुटांनी मी पुढे. तो कागद मी पाकिटात ठेवला आणि वाईट वाटलं की काढून बघायचो.

मग आले इंजिनिअर. ते भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. असं तीन दिवस केल्यावर म्हणाले, “मोठी खिडकी एकच पाडता येईल. दुसरी पाडली तर टाकी खिडकीतून बाहेर येईल. दक्षिणेला पाडा. नदी दिसते, डोंगर दिसतो, वारा तिकडूनच येतो.”

“उत्तरेला पाडा,” मी म्हणालो.

“उत्तरेला काय आहे?”

उत्तरेला साडूची गच्ची होती. पण ते कसं सांगणार? मी म्हणालो, “उत्तरेचा प्रकाश सौम्य असतो. वाचनाला बरा.”

इंजिनिअर म्हणाले, घर तुमचं. गवंडी म्हणाला, सर, एकदा नदीकडे बघा तरी. मी बघितलं नाही. मला नदी काय करायची होती? नदीला काय कळणार मी वर आहे ते?

इथवर सगळं ठीक होतं. मग मी गणिताच्या मास्तरने करू नये अशी गोष्ट केली. काम सुरू व्हायच्या आधीच उत्तर सांगून मोकळा झालो. घरमालकाला मुलासाठी खोल्या हव्या होत्या. मी ऐटीत म्हणालो, “एक तारखेला किल्ली घ्या. आमचं स्वतःचं होतंय.” एक तारीख आली तेव्हा टाकीला खिडकीही पडली नव्हती. सामान टाकीखालच्या पंपाच्या खोलीत कोंबलं. सामान कोंबून झाल्यावर त्या खोलीत एका माणसाचीच जागा उरली.

“मी चार दिवस ताईकडे जाते,” ही म्हणाली. “भावजी केव्हाचे बोलावताहेत. तुम्हीही चला ना.”

“मी कामावर लक्ष ठेवतो,” मी म्हणालो.

त्या चार दिवसांचे चार महिने झाले. ज्या बायकोसाठी हे सगळं चाललं होतं ती त्याच गच्चीवर संध्याकाळी चहा पीत बसू लागली, आणि मी पंपाच्या खोलीत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या अंथरून झोपू लागलो. साडूने गादी पाठवली होती. मी परत पाठवली. स्वाभिमान असला की पाठ धरते, हे मला तेव्हा कळलं. रोज सकाळी हिचा फोन यायचा. इकडे नळाला गरम पाणी येतं. भावजी सकाळचा चहा स्वतः करतात. ताईची नवी गादी काय मऊ आहे, गुडघे दुखायचे थांबले. मी म्हणायचो, “अरे वा, छान.” हे दोन शब्द बोलायला किती कष्ट पडतात ते ज्याचं त्यालाच माहीत. घर लवकर झालं नाही तर हिला परत यावंसंच वाटणार नाही, अशी भीती मला पहिल्यांदा तिथे त्या पिशव्यांवर वाटली, आणि मग जाईचना.

घर लवकर व्हायला नगरपालिकेचा दाखला हवा होता. कचेरीत गेलो तर पहिल्याच टेबलावर माझा जुना विद्यार्थी. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा. मी त्याला दोनदा नापास केलं होतं. तो उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, आणि माझा अर्ज सात वेळा परत पाठवला.

“सर, चार कोपऱ्यांची मापं लिहायची राहिलीत.”

“घर गोल आहे. वर्तुळाला कोपरे नसतात. हे मी तुला शिकवलं होतं.”

“हो सर, पाठ आहे. पण रकाना आहे.”

“मग शून्य लिही.”

“शून्य लिहिलं की संगणक म्हणतो, घरच नाही.” मग त्याने पान उलटलं. “मजला सहावा लिहिलाय. पहिल्या ते पाचव्या मजल्यावर कोण राहतं?”

“कुणी नाही. तिथे हवा आहे.”

“म्हणजे मजले रिकामे आहेत. रिकाम्या मजल्यांनाही घरपट्टी लागते.”

“अरे, मजलेच नाहीत.”

“मग सहावा कशावर आहे सर?” तो अगदी मनापासून विचारत होता. “तुम्हीच सांगायचा ना, नुसतं उत्तर लिहू नका, आधीच्या पायऱ्या दाखवा. नाहीतर गुण मिळणार नाहीत.”

“पायऱ्या शहाण्णव आहेत. येऊन मोज,” मी म्हणालो आणि उठलो. बाहेर आल्यावर कळलं की छत्री आतच राहिली. ती आणायला मी परत गेलो नाही.

हा पेच कुणी सोडवला? विचारू नका. साडूने. हिच्याकडून निरोप आला, “भावजी म्हणतात, तळमजला लिहा. मजला जमिनीपासून किती उंच आहे, हे अर्जात कुठेच विचारलेलं नाही.” मी दोन दिवस अडून बसलो. तिसऱ्या दिवशी तळमजला लिहिलं. मागच्या बाकावरच्याने चारही कोपऱ्यांच्या रकान्यांत स्वतःच्या हाताने ‘गोल’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. दाखला मिळाला. पण झालं काय बघा. नगरपालिकेच्या कागदांत आता मी तळमजल्यावर राहतो आणि साडूच्या बंगल्याला वरचा मजला आहे. म्हणजे कायद्याने तो अजूनही माझ्या डोक्यावर आहे. ही गोष्ट मी चार-पाच दिवस कुणाशीही न बोलता सहन केली.

मग सुतार. पंपाची खोलीही गोलच. तिथे कळलं, गोल भिंतीला चौकोनी कपाट लावलं की मागे फट राहते आणि त्या फटीत पडलेली वस्तू पुन्हा दिसत नाही. माझा वाचायचा कंदील, दोन कंगवे आणि अर्जाची एक प्रत अजून तिथे आहे. म्हणून मी ठरवलं की वर कपाटं नकोतच. भिंतीला लागून सगळीकडून एक गोल बाक करायचा, वर बसायचं, आत सामान. सुतार चांगला होता, पण त्याला गोल शब्द मान्य नव्हता. त्याच्या मते भिंत वाकडी होती.

“सर, वाकड्या भिंतीचं माप तुम्हीच द्या,” तो म्हणाला.

आत तेव्हा गिलावा चालू होता, पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हणालो, त्यात काय, बाहेरून घेऊ. रंगाऱ्याच्या पाळण्यात बसून दोरीने टाकीला वेढा घातला आणि परीघ मोजला. मग वीस तुकड्यांचा हिशेब कागदावर करून सुताराला दिला. सुताराने महिनाभर राबून खाली अंगणात वीस तुकडे केले. सागवानी, कडा गुळगुळीत, एकाला एक जोडून ठेवले की डोळ्यांचं पारणं फिटावं असं वर्तुळ. मी साडूला मुद्दाम खालच्या रस्त्याने घेऊन गेलो, बघू दे म्हणून. तो म्हणाला, “मास्तर, काय अचूक!”

तुकडे वर नेले. एकोणीस बसले. त्यातलाही शेवटचा पाच इंच कापून बसवावा लागला. विसावा हातात उरला.

“सर,” सुतार म्हणाला, “हा कुठे लावू? बाहेरून लावू का?”

भिंत आठ इंच जाड. बाहेरच्या वर्तुळातून आतल्या वर्तुळात यायचं म्हणजे त्रिज्या आठ इंचांनी कमी, आणि परीघ त्याच्या सहापटीहून जास्त कमी. चार फूट दोन इंच. उरलेला तुकडा तीन फूट नऊ इंचांचा होता, आणि कापलेले पाच इंच. हे उदाहरण मी दर वर्षी सातवीला परीक्षेत घालायचो. आतला व्यास घ्यायचा की बाहेरचा, ते वाचून मग सोडवा, असं खाली लिहायचोसुद्धा. मागच्या बाकावरचा त्यातच नापास झाला होता.

मी तिथेच त्या एकोणीस तुकड्यांवर बसलो आणि पाकिटातला कागद काढला. आतली त्रिज्या धरली की चारशे बावन्नचे चारशे तीन होतात. त्यातून मधला जिना वर येतो त्या भोकाचे अठ्ठावीस गेले. उरले तीनशे पंच्याहत्तर. साडूच्या हॉलपेक्षा पाच चौरस फूट कमी. मी पुन्हा केलं. पुन्हा पाच कमीच आले. कागद मी दुमडला, खाली गेलो आणि कपाटामागच्या फटीत मुद्दाम टाकला.

ही बातमी बंगल्यावर पोचायला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या दिवशी साडू सुताराकडे जाऊन तो विसावा तुकडा मागून घेऊन गेला. आठवड्याने हिचा फोन. “अहो, तुमच्या त्या उरलेल्या तुकड्याला भावजींनी पाय लावून घेतले. गच्चीवर ठेवलाय. या ना संध्याकाळी बसायला.”

माझं डोकंच फिरलं. माझी चूक याने पाय लावून गच्चीवर मांडली. येणारा-जाणारा विचारणार, ही वाकडी बैठक कसली? आणि हा सांगणार, आमचे साडू गणिताचे मास्तर, त्यांची ही. मी फोनवर म्हणालो, “मला वेळ नाही.” ती रोज बोलवायची. मी रोज तेच सांगायचो. एकदा ती म्हणाली, “चार महिने झाले, तुम्ही एकदाही आला नाहीत. माझा नाही का विचार येत तुम्हाला?” मी काय सांगणार? तिचाच तर विचार करून मी खिडकीला गज लावत होतो.

शेवटी रंग झाला. बाहेरून पांढरा, आत भिंतींना फिकट निळा चुना, तिच्या आवडीचा. सोमवारी ती येणार, शुक्रवारी मी वर उभा राहून एकटाच बघत होतो आणि मला जरा बरं वाटत होतं. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, “आत कोणी आहे का? पाणी सोडतोय.”

दोन माणसं, हातात खराटे, खांद्यावर रबरी नळी, डब्यात वास मारणारी पांढरी पावडर. नगरपालिकेची टाक्या धुणारी माणसं. टाकी मोडीत काढणारं खातं वेगळं आणि टाक्या धुण्याची यादी ठेवणारं वेगळं. यादीतून आमची टाकी कमी करायचं कुणालाही सुचलं नव्हतं.

“हे घर आहे,” मी म्हणालो.

“असेल सर. पण यादीत टाकी आहे. आज तारीख आहे.”

“इथे पाणी नाही, मी आहे.”

“बारा वर्षांत पाणी नव्हतंच. तरी धुतो आम्ही. नाही धुतली तर साहेब विचारतात.”

दोघे हाडाचे कामसू होते. एवढ्या मनापासून काम करणारी माणसं मला घर बांधताना एकदाही भेटली नव्हती, ती नेमकी घर धुवायला आली. दोन तासांत भिंती, जमीन, छत, बाक, सगळं घासून काढलं. निळा रंग जिन्यातून खाली वाहत गेला. मग एकजण पाळण्यातून बाहेर उतरला आणि खिडकीशेजारी, उत्तरेला, हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहून गेला: टाकी धुतल्याचा दिनांक. खाली आजची तारीख. त्याखाली पुढच्या वेळची. मी पोचपावतीवर सही केली. काय करणार, काम त्यांनी चोखच केलं होतं.

पाचच मिनिटांत साडूचा फोन. “मास्तर, वाचलं गच्चीवरून. तुमच्याकडे शिस्त आहे हो. आमची टाकी आम्ही कधी धुतली, आम्हाला आठवतसुद्धा नाही.”

मी पुन्हा रंग दिला, स्वतः, तीन दिवस. निळा उरला नव्हता म्हणून पांढराच दिला.

सोमवारी ती आली. चोवीस पायऱ्या, विसावा. अठ्ठेचाळीस, विसावा. बहात्तरला तिने माझा हात धरला तो शहाण्णवपर्यंत सोडला नाही. वर आली, दम घेतला आणि बघत राहिली. मीही बघत राहिलो, कारण बाकावर सगळीकडून गाद्या होत्या. निळ्या. एकेक गादी बाकाच्या गोलाईत अशी बसली होती की कुठे बोट जाईल तर शपथ.

“भावजींनी पाठवल्यात,” ती म्हणाली. “सकाळी माणसं येऊन लावून गेली, तुम्ही फुलं आणायला गेला होतात तेव्हा. त्या उरलेल्या तुकड्यावरून माप घेतलं. त्यासाठीच तर नेला होता तो. म्हणाले, मास्तरांना विचारलं तर घेणार नाहीत.”

ती गाद्यांवरून हात फिरवत गोल फिरली आणि खिडकीशी थांबली.

“ताईची गच्ची दिसते.”

“हो.”

“नदी कुठल्या बाजूला आहे?”

“मागे.”

तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. तीस वर्षांचा संसार, तिला काय कळायचं राहिलं असेल? मला वाटलं, आता बोलेल. पण ती खिडकीशी बसली, पाय वर घेतले, गादीला टेकली आणि म्हणाली, “इथून उतरावंसंच वाटत नाही हो.”

मी दोन वर्षं या वाक्याची वाट बघत होतो. “खरंच?” मी विचारलं.

“गुडघे बघा कसे सुजलेत. आठ दिवस तरी मी खाली पाऊल टाकत नाही. आणि माझा चष्मा ताईकडेच राहिलाय. तेवढा घेऊन या.”

शहाण्णव पायऱ्या उतरलो, दोन गल्ल्या ओलांडल्या. ठरवलं होतं, दारातूनच चष्मा घ्यायचा. पण ताई म्हणाली चष्मा वर गच्चीत आहे, आणि साडू माझा हात धरून घेऊनच गेला. “बसा मास्तर. तुमच्याच लाकडावर बसा. रिकामं ठेवलंय ते, तुम्ही याल म्हणून. आणल्या दिवसापासून आम्ही त्यावर कुणाला बसू दिलं नाही.”

बसलो. माझ्या तीन फूट नऊ इंचांवर बसलो. चहा आला. दिवस मावळत होता. समोर बघायचं नाही असं ठरवूनही मान वर गेली.

वरती खिडकीत दिवा लागला होता. काळसर आभाळ, त्यात ती गोल पांढरी भिंत, आणि बरोबर मध्ये उजेडाचा एक तुकडा. त्या तुकड्यात माझी बायको बसली होती, पाय वर घेऊन, केस मोकळे सोडून, कुणाची काही घाई नसल्यासारखी. शेजारची लाल अक्षरंसुद्धा संध्याकाळी वाईट दिसत नव्हती. आतून मला हे कधी दिसलंच नव्हतं. आतून फक्त साडूचे वाळत घातलेले पलंगपोस दिसायचे.

“रोज बसतो आम्ही इथे,” साडू म्हणाला. “आधी नुसती टाकीची काळी पाठ दिसायची. मग एक दिवस खिडकी पडली. खरं सांगू मास्तर? इंजिनिअर भेटले होते मला. म्हणाले, नदी सोडून यांनी तुमच्याकडे तोंड केलंय. ही त्या दिवशी रडली. म्हणाली, धाकटीला माझं घर दिसत राहावं म्हणून केलं त्यांनी. नात्यासाठी एवढं कोण करतं हो आजकाल?”

चहा फार गरम होता. मी तो पीत राहिलो, म्हणजे तोंड उघडावं लागलं नाही. लाज वाटली. सरळ सांगतो, लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाही मान वरच होती, कारण नजर हलत नव्हती. त्या खिडकीत जो कुणी राहतो, ज्याची बायको अशी बसते, ज्याचं घर एवढ्या उंचावर एवढं छान दिसतं, त्या माणसाचा मला हेवा वाटला. साडूचा वाटला त्याच्या दसपट. साला, काय नशीब घेऊन आलाय, असंसुद्धा मनात आलं. तो मीच, हे लक्षात यायला एक घोट लागला.

फोन वाजला. वरती तिने कानाला फोन लावलेला मला दिसत होता. “मिळाला का चष्मा?”

“मिळाला,” मी म्हणालो.

“मग या की. एकटीच बसलेय मी.”

“येतो,” म्हणालो. साडूने कपात आणखी चहा ओतला. मी पाय जरा लांब केले, माझ्या चुकीला नीट टेकलो आणि वर बघत राहिलो. तिथून उतरावंसंच वाटेना.